केकच्या ताटलीसमोर आजी

शेजारपाजारचे तिला महाराणी म्हणायचे, कारण महिन्यातून दोनदा ती पुठ्ठ्याचा मुकुट पिशवीत घालून हॉटेलात जायची. तिथे दुपारच्या चहाला बायका जमत आणि इतिहासातली एखादी बाई टेबलांमधून फिरत त्यांना आपली कहाणी सांगे. ती बाई व्हायचं काम महाराणीचं. नियम एकच, पहिला कप भरल्यापासून शेवटची बशी उचलेपर्यंत सोंग सोडायचं नाही. मग कुणी काहीही विचारो. तुरुंगात मेलेल्या राणीला एकीने विचारलं होतं, केसांना काय लावता हो तुम्ही.

तिला त्या बायकांची शिसारी यायची. तोंडात सँडविच, डोळ्यांना रुमाल आणि बोटांवरचं क्रीम चाटत चाटत हळहळणं. फाशीचा प्रसंग आला की हमखास कुणीतरी आणखी साखर मागणार. तरी ती जात राहिली, कारण एक दिवस तिला तिथे आजीला उभं करायचं होतं.

आजी म्हणजे आईची आई, सूतगिरणीतली कामगार. संप लांबला, घराघरातल्या चुली विझल्या, तेव्हा गिरणीच्या मालकिणीने पावाच्या टोपल्या पाठवल्या. आजीने त्या फाटकातूनच परत धाडल्या. घरात तिचं स्वतःचं पोर भुकेने रडत होतं, आणि ते पोर म्हणजे आई. आता आईचे गुडघे गेले होते, पण ती म्हणाली, "तू आजी होशील त्या दिवशी मी येणार. मरायच्या आधी एकदा तिला बघू दे मला."

कार्यक्रम ठरवणाऱ्या मॅडमनी हो म्हटलं खरं. पण त्या दिवशी डोक्याला फडकं बांधून महाराणी तयार झाल्यावर हळूच म्हणाल्या, "ते टोपल्या परत पाठवल्याचं तेवढं गाळा हं. माणसं खात असतात, उगाच अवघडल्यासारखं होतं."

"मग राहिलं काय, मॅडम?"

"भूक आहे की. भूक छान होते तुमची."

भूक छान होते म्हणे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आई मागच्या खुर्चीवर येऊन बसली होती, तिला आता परत कशी नेणार? ती बाहेर आली. संप सांगितला, विझलेल्या चुली सांगितल्या आणि टोपल्यांपाशी येऊन गप्प झाली. तेवढ्यात मोत्यांची माळ घातलेली एक बाई खाता खाता म्हणाली, "भूक लागली की नक्की कसं व्हायचं हो तुम्हाला? दाखवा ना."

महाराणीचं डोकं फिरलं. दाखवते, थांब. तिने त्या बाईच्या ताटलीतला केक मुठीत धरला आणि तोंडात कोंबला. मग पुढच्या टेबलावरचं उष्टं सँडविच, त्याच्या पुढचं कुणीतरी अर्धवट चावलेलं बिस्कीट. क्रीम हनुवटीवरून ओघळलं. तिला वाटलं, आता तरी यांना किळस येईल, आता तरी कप खाली ठेवतील.

टाळ्यांचा कडकडाट झाला. माळवालीने शेजारणीची ताटली पुढे सरकवली, "हेही घ्या ना." दारातून मॅडम सांगत होत्या, "हे दर वेळी ठेवायचं."

आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. खुर्च्यांना धरत धरत ती पुढे आली, लेकीच्या हनुवटीवरचं क्रीम तिने रुमालाने पुसलं आणि हळू आवाजात म्हणाली, "माझी आई त्यांच्यातलं खात नव्हती गं."

बशा अजून उचलायच्या होत्या. तोंडातला घास महाराणीला गिळवेना आणि थुंकवेनाही.