साडीच्या काठाला कुसळं

काल नालवाडीच्या घरी मुलाचे मोजे धुताना बोटात कुसळ शिरलं. तो रानात फिरून आला होता आणि गवताला शिव्या देत होता. मला मात्र हसू आलं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं कारंजा गावाजवळचं आमचं कुरण आठवलं.

मी लग्न होऊन तिथे गेले तेव्हा कुरणात घाणेरीची झुडपं माजली होती. फुलं देखणी, पण पान चुरडलं की उग्र वास हाताला चिकटायचा. झुडपांखाली गवताची काडी उगवत नसे. गाई तिथून उपाशीच परतायच्या. आम्ही घाणेरी कापली, तर ती दुप्पट फुटली. मग एका उन्हाळ्यात साऱ्या घराने ती मुळासकट खणून काढली.

पावसाळ्यात तिथे काहीतरी हिरवं दिसू लागलं. पण घाणेरीच परतली असेल, या धास्तीने सासरे, म्हणजे आमचे मामाजी, तिकडे फिरकेनात. म्हणायचे, "गवताचं बी मेलं असन तं गाई इका लागन."

दिवाळीनंतर मी कुरणातून सरपण घेऊन आले. मामाजी अंगणातच होते.

"काऊन लंगडून राह्यली, सूनबाई?"

मी साडीचा काठ पाहिला. कुसळंच कुसळं! एक उपटून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते चिमटीत फिरवलं, टोकाचं बी उन्हात धरून पाहिलं.

"आपलंच गवत हाय हे! बाकीचे इथं नोको झटकू. कुरणातच जाऊन झटकजो."

मी लंगडतच परत निघाले. मामाजी माझ्याआधी पोचले होते.