बिनसाखरेचा चहा

पाटोद्याच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर तो माणूस मला रोज सकाळी दिसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याची शुगर मात्र सगळ्या टपरीला माहीत होती. "बिनसाखरेचा, हां!" असं तो रस्त्यापलीकडं ऐकू जाईल एवढ्यानं ओरडायचा. मग त्याच चहाबरोबर भज्यांच्या दोन प्लेटा आणि वर खारी. प्रत्येक भजं संपलं की बोटं धोतराला पुसायची त्याची सवय होती.

एके दिवशी तो बायकोला घेऊन आला. त्याच्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती आणि तिच्यातून पिवळं पाणी झिरपत होतं. अंगठा ठेवायचा की काढायचा, हे बीडचे डॉक्टर दुपारी सांगणार होते. बस काही येत नव्हती.

"साखरेचा कण तोंडात टाकला न्हाई मी," तो टपरीवाल्यावर खेकसला. "मग वाढती कशी रं ही शुगर?"

टपरीवाल्यानं सवयीनं भज्यांची प्लेट पुढं सरकवली होती. बायको प्लेटीकडं बघत म्हणाली, "तुमी नुसती साखरंवर नजर ठिवली. ताटाकडं कदी बघितलंच न्हाई."

भज्याकडं गेलेला त्याचा हात तसाच थांबला.

महिन्यानं तो पुन्हा दिसला. चप्पल अंगठ्यापाशी रिकामी होती. त्यानं फडक्यातून ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि मटकीची उसळ काढली.

"बिनसाखरेचाच ना?" टपरीवाल्यानं विचारलं.

"हां," तो हळू आवाजात म्हणाला, "पण त्या एकट्यानं काय व्हतंय?"