एका भोकाचा टेलिफोन

टेलिफोन शोधणाऱ्याची अक्कल थोर असेल, पण पहिल्या वर्षी त्यानं यंत्राला भोक एकच ठेवलं होतं. त्यातच बोलायचं, मग तेच उचलून कानाला लावायचं. बॉस्टनच्या आमच्या कारखान्यात त्याच्या लाकडी पेट्या बनत. गिऱ्हाइकं दोन्हीकडून एकदमच बोलायची आणि यंत्र बिघडलं म्हणून आमच्या नावानं शंख करायची.

पेट्या घडवायचा हायरम कोल्बी. हात सोन्याचा, स्वभाव महाआडमुठा. धाकट्या भावाशी, एनॉसशी, नऊ वर्षं अबोला. कारण काय, तर बाप गेल्यावर चर्चमधल्या घराण्याच्या राखीव बाकावर वाटेकडच्या मानाच्या जागी कोणी बसायचं! दर रविवारी दोघं त्याच बाकाच्या दोन टोकांना बसत आणि मधे एनॉसची बायको मर्सी अवघडून बसे.

एनॉस नदीपलीकडच्या कोळशाच्या वखारीत कारकून होता. आमच्या मालकानं तिथवर तार ओढली आणि हायरमची चुळबुळ सुरू झाली. तेव्हा यंत्राला घंटा नव्हती, पेन्सिलीनं टकटक करून पलीकडच्याला बोलवायचं. रोज बारा वाजता आम्ही जेवायला बसलो की हायरम टकटक करी. पलीकडून टकटक परत येई. मग हा पेटी कानाला लावून पंधरा मिनिटं उभा, तोंडातून शब्द नाही. हायरमनं मुका टेलिफोन शोधलाय, असं म्हणून आम्ही हसायचो.

शेवटी मी विचारलंच, "अरे, बोलत का नाहीस?"

"धाकटा तो आहे. आधी त्यानं बोलावं."

फेब्रुवारीत एक दिवस टकटक परत आली नाही. तीन दिवस हायरम कान लावून उभा राहिला. चौथ्या दिवशी निरोप आला की एनॉस न्यूमोनियानं गेला.

दफनाला मी हायरमबरोबर गेलो. मर्सी त्याच्याजवळ आली.

"मी जेवण घेऊन वखारीत जायचे, तेव्हा हे पेटी कानाला लावून बसलेले असायचे," ती म्हणाली. "मी म्हणायचे, बोला हो काहीतरी. तर म्हणायचे, मोठा तो आहे, आधी त्यानं बोलावं."

मला दोघांचाही राग आला. अजून येतो.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता हायरमनं टकटक केली नाही. पेटी सरळ तोंडाशी धरली आणि हळू आवाजात पंधरा मिनिटं बोलत राहिला. मधे एकदा हसलाही. आम्ही हातातला पाव हातातच धरून बसलो होतो. बोलणं संपल्यावर त्यानं पेटी जागेवर ठेवली. कानाला लावली नाही.