खालच्या खडकावरचा पिसारा

आवडाबाईच्या डाव्या मनगटावर, आतल्या बाजूला, बोटभर लांबीचा एक डाग होता. काळपट, भाजल्यासारखा. विधवेच्या हातात बांगड्या नाहीत, तेव्हा झाकायलाही काही नव्हतं. असतं तरी तिनं झाकला नसता. सन एकतीस साली थळजवळच्या त्या कोळीवाडीत ह्या एवढ्याशा डागावरून तिचा समुद्र बंद झाला होता, आणि तो तिनं कसा उघडून घेतला, ते सांगायचं आहे.

बाई कालवं काढणारी. नवरा तापानं गेला. पोटी मूल नाही, सासरी दीर नाही. एक झोपडी, एक टोपली आणि कालवं फोडायचा लोखंडी टोचा, एवढाच संसार. किनाऱ्याजवळच्या खडकांवर बायकांची गर्दी. तिथे गोदूसारख्या तोंडाळ बायका आधी जागा धरून बसायच्या. म्हणून आवडाबाई जायची खालच्या खडकावर. तो अमावास्या-पुनवेच्या मोठ्या ओहोटीलाच उघडा पडतो, तोही घटकाभर. कालवं मात्र तिथे तळहाताएवढी.

त्या खडकाच्या पोटाखाली, कायम ओल असते त्या कपारीत, तपकिरी पिसं उगवलेली असत. मोराच्या डोक्यावरच्या तुऱ्यासारखी, नाजूक, दिसायला फार साजरी. कालवासाठी हात आत घातला की ती मनगटाला घासत, आणि मग खाजकुइलीनं भाजावं तशी आग. लाल गांधी उठत, दोन दिवस ठणकत, मागे डाग राहत.

दुसरी कुणी असती तर तिकडे फिरकली नसती. आवडाबाई मात्र डबक्याशी उकिडवी बसून बघत राहिली. पाणी स्थिर झालं की त्या पिसांच्या काड्यांवर खसखशीएवढी फुलं उमलायची. टोचा लावला की मिटायची. नारिंगी कडेची, शंखाविना असलेली एक गोगलगाय त्याच पिसांवर चरत होती. तिला काही आग होत नव्हती.

"हे झाड न्हाय," आवडाबाई गोदूला म्हणाली. "जित्ता जीव हाय. चावतो."

"पीस चावतंय व्हय!" गोदू हसली. "उद्या म्हणशील कालवानं डोळा मारला."

वैशाखात गावदेवीचा उत्सव आला. त्या दिवशी रीत अशी, की गुरव देवळाच्या विहिरीचं तीर्थ प्रत्येकाच्या हातांवर घालणार आणि मग ओटी घेणार. अमावास्या होती. आवडाबाई सकाळची कालवं काढून खडकावरून थेट देवळात आली. मनगटाला नुकतीच पिसं लागलेली, पण आग सोसण्याइतकी होती. धर्माजी गुरवानं तीर्थ घातलं मात्र, आणि निखारा ठेवल्यासारखी ती किंचाळली. सगळ्यांच्या देखत गांधी टरारून वर आल्या.

धर्माजी भला माणूस, पण भित्रा. तो दोन पावलं मागे सरला.

"बाय, देवीनं तुझा हात घेतला न्हाय. नारळी पुनवेपातुर पाण्यात पाय घालू नको. तवा बघू."

देवीनं ज्याचा हात घेतला नाही त्यानं समुद्राच्या पाण्यात उतरायचं नाही, हा वाडीचा जुना नियम. पुनवेलाही हात घेतला नाही तर कायमचं. मग महारोग आहे अशी कुजबुज सुरू झाली. तिच्या हातची भाजीसुद्धा कुणी घेईना. गोदू पाणवठ्यावर घागर लांब धरून उभी राहायची.

आवडाबाईनं नियम मोडला नाही. देवीवर तिची श्रद्धा होती. रोज संध्याकाळी दिवा लावून ती हात जोडायची. पण रडली नाही, की गुरवाच्या पायाही पडली नाही. पाऊस लागल्यावर आतल्या गावात भातलावणीला गेली. दिवसभर चिखलात, गोड्या पाण्यात हात. आणि तिच्या ध्यानात आलं, की डागाला गोडं पाणी लागून काहीच होत नाही. मग त्या दिवशी का झालं? त्या दिवशी आपण खडकावरून थेट आलो होतो.

आषाढातल्या वाऱ्यानं समुद्र उसळला आणि तुटलेली पिसं किनाऱ्यावर येऊन पडली. वाळू काही पाणी नव्हे. त्यातलं एक चिंधीत धरून तिनं उचललं, उजव्या हाताला दोन जागी टेकवलं. एकीवर खारं पाणी घातलं, दुसरीवर गोडं. खारं घातलं ती जागा धुमसली आणि निवली. गोडं घातलं तिथे आगीचा डोंब उठला.

"आई, तुझा यात काही हात न्हाय, मला ठावं होतं," ती वाळूत बसून म्हणाली.

नारळी पुनवेला सकाळी अख्खी वाडी देवळापुढे जमली. होड्या रंगवून तयार होत्या. देवीनं तांडेलाचा नारळ घेतला की समुद्र खुला. वाडीचा तांडेल बाबाजी, आडदांड, मोठ्या आवाजाचा. त्याच्या होडीमागे बाकीच्या निघायच्या.

आवडाबाई एका हातात नारळ, दुसऱ्या हातात गाडगं घेऊन आली. गाडग्यात लाटेनं काठावर आणून दिलं तेवढं खारं पाणी आणि त्यात पहाटे वाळूवर सापडलेला ताजा पिसारा. लोक आपोआप बाजूला झाले.

"हे माझ्या हाताचं कारण," ती म्हणाली. "कुणी लावून बघावं."

बाबाजी हसत पुढे आला. "आण इकडं!" त्यानं गाडग्यात हात घालून पिसारा मुठीत आवळला. बाबाजीनं मूठ उघडली. काही नाही. "गुदगुल्यासुद्धा होत न्हाईत गो! हे चावतं म्हणं!" हशाचा कल्लोळ उठला. गोदू तर पोट धरून हसली.

आवडाबाई थांबली. तीस वर्षं दोर ओढलेला तो तळहात तिनं बघितला. वहाणेच्या तळासारखा.

"तांडेल, तुमचा तळवा कासवाची पाठ हाय. त्याला काय कळणार? हात उलटा करा."

"हं, कर," म्हणून बाबाजीनं ऐटीत हात उलटा केला. तिनं चिंधीत पिसारा धरून त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला अलगद फिरवला.

बाबाजीचं हसू जागच्या जागी राहिलं. मग तो ओरडला. कसा ओरडला, ते वाडी पुढे वीस वर्षं सांगत होती.

"पाणी! पाणी आणा!"

"गोडं घालू नका!" आवडाबाई ओरडली. पण धर्माजीनं घाबरून तीर्थाचा तांब्या ओतलासुद्धा. बाबाजी नाचायलाच लागला. गांधी टरारल्या, तशाच, तिथेच. आवडाबाईनं त्याचा हात खेचून गाडग्यातलं खारं पाणी धारेनं घातलं, आणि घटकाभरानं त्याचा श्वास खाली बसला.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "करणी हाय, करणी."

आवडाबाई गर्रकन वळली. "करणी म्हणा, न्हाय तर देवीचा कोप म्हणा. मला चालंल. पण नियम एकच हाय. तीर्थानं माझा हात भाजला, मी अडीच महिने समुद्रात पाय घातला न्हाय. आता तांडेलाचा भाजला, तुमच्या समोर. मग त्यांनीबी पाण्यात पाय घालू नये. होड्या ओढा वर. पुढल्या पुनवेला बघू."

रंगवलेल्या होड्या खाली पाण्यात डुलत होत्या. धर्माजीनं बाबाजीकडे बघितलं, बाबाजीनं आपल्या मनगटाकडे.

"देवीवर रागवू नको बाय," धर्माजी हळूच म्हणाला.

"देवीवर कशाला रागवू? तिनं कधी माझा हात सोडला? तिच्या नावानं तुम्ही बोललात."

बाबाजीनं नाकातून श्वास सोडला. "धर्माजी, बघतोस काय? घे हिचा नारळ. माझ्या आधी घे."

धर्माजीनं हात पुढे केला. पण आवडाबाईनं नारळ दिला नाही.

"आधी तीर्थ. त्याच मनगटावर. सगळ्यांनी बघू दे."

त्यानं तीर्थ घातलं. थंडगार पाणी डागावरून वाहून जमिनीवर पडलं. काही झालं नाही. मग तिनं नारळ दिला, देवीपुढे वाकली, आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

दुपार कलल्यावर पुनवेची मोठी ओहोटी लागली. होड्या कधीच्या निघून गेल्या होत्या. टोचा, टोपली घेऊन ती खालच्या खडकाकडे चालली, तेव्हा मागून हाक आली.

"आवडे! थांब गो, मीपण येते." गोदू धापा टाकत येत होती. "तिथली कालवं मोठी असतात म्हणतात."

आवडाबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"ये," ती म्हणाली. "पण आधी मनगटाला फडकं बांध. आणि उद्यापासून पाणवठ्यावर घागर माझ्या घागरीला लावून ठेवायची."

गोदूनं पदराचं टोक फाडलं आणि तिथेच उभ्या उभ्या मनगटाला गुंडाळलं.