बिनफेसाची बियर

मी बियर बनवते. एवढं सरळ वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. आमचं घर खजुरी गावचं, लिंगायत. आई सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. तिला मी सांगून ठेवलं होतं की गुलबर्ग्याच्या एका हॉटेलात मी पाणी तपासायच्या कामाला आहे. अगदीच थाप नव्हती. बियरमध्ये सगळ्यात जास्त पाणीच असतं, आणि ते मी रोज तपासते.

हॉटेलाच्या गच्चीवर काचेमागं आमच्या टाक्या. मालकांना सगळा गाव अण्णा म्हणतो, मीही म्हणते. सुरुवातीला काय गर्दी व्हायची! डाळमिलवाले, ठेकेदार, डॉक्टर, कडगंचीच्या विद्यापीठातले दोन-तीन प्राध्यापक. मी ताजी बियर काढली की ही मंडळी पहिल्या घोटाला डोळे मिटायची आणि एक जण म्हणायचा, संत्र्याचा वास यायलाय. दुसरा म्हणायचा, छे, धण्याचा. खरं तर दोन्ही असायचं आणि दोघांना ओळखू आलं म्हणून मला कोण आनंद व्हायचा. बाटलीतल्या बियरवर वाढलेली माणसं माझ्या हातानं चव शिकत होती.

मग मंदी आली. तुरीचा भाव बसला, डाळमिली एका पाळीवर आल्या, ठेकेदारांची बिलं अडकली, प्लॉट कुणी विचारेना. आमच्याकडं कुणी तोंडानं रडलं नाही, पण ग्लास बोलायला लागले. आधी मोठा मग जाऊन लहान ग्लास आला. मग एका ग्लासात दोघं. मग चव बघायला म्हणून आम्ही फुकट द्यायचो त्या इवल्या पेल्यांवर लोक आले. चारही प्रकार चाखायचे, गंभीर चेहरा करून मान हलवायचे आणि "पुढल्या खेपेला बघू" म्हणून शेंगदाणे संपवून जायचे. काही जण तर खालच्या बारमधून बाटली पिऊनच वर यायचे, आमची एक फक्त शेवटाला, तोंडाला चव म्हणून.

आणि फेस! चांगल्या दिवसांत मिशीला फेस लावून फोटो काढणारी हीच माणसं. आता फेस म्हणजे फसवणूक झाली. एक ठेकेदार तर ग्लास समोर ठेवून फेस बसेपर्यंत हाताची घडी घालून बसायचा. मग काचेवर बोट लावून दाखवायचा, इथवर भरा. मी त्याला समजावलं की फेसामुळं वास टिकतो. तो म्हणाला, "वास कुनी मागितला अक्का? फेस काय घरी न्यायचाय का?" माझं डोकंच फिरलं. पण ग्लास भरून दिला. गिऱ्हाईक हातचं घालवायचे दिवस नव्हते.

एका दुपारी अण्णा माझ्यासमोर येऊन बसले. बाहेरून येणारं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, परवडेना झालं होतं. महिनाअखेरीला टाक्या काढायच्या, तिथं फ्रीज लावायचे आणि बाटल्या विकायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. तुम्ही मोकळ्या, म्हणाले. मोकळ्या म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. खजुरीला परत जायचं आणि दर रविवारी पोहे घेऊन पाहुण्यांसमोर बसायचं. मी तडकून म्हणाले, जव परवडत नाही तर निम्मी आपली ज्वारी घालते, एक टाकी द्या. अण्णा हसायला लागले, पण माझं तोंड बघून थांबले. एक टाकी मिळाली.

त्याच दिवशी आईला फोन केला, दोन पोती ज्वारी पाठव. ती म्हणाली, एकल्या जिवाला दोन पोती? मी म्हटलं, खोलीवरच्या मैत्रिणी पण खातात, रोज भाकरी करतो. आई इतकी हरखली की पुढं काही विचारलंच नाही. खरं सांगते, मी तेव्हा ब्रेड-जॅमवर जगत होते.

तीन दिवसांनी सकाळच्या बसनं पोती आली. मी रिक्षात घातली आणि थेट गिरणीवर नेऊन भरडा काढला. मोठ्या भांड्यात ज्वारीच्या कण्या शिजल्या, त्या जवाच्या माल्टमध्ये मिसळल्या, आणि सगळ्या गच्चीवर आमच्या घरच्या स्वयंपाकघराचा वास सुटला. पुढचे पंधरा दिवस मी टाकीभोवती घिरट्या घालत होते. पहिला घोट घेतला तर तव्यावरून उतरलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची चव! मी एकटीच टाळ्या वाजवत होते.

मग नळ सोडला. बुडबुडे सरसर वर आले आणि वर पोचले की गायब. फेस म्हणून नाही. दुसरा ग्लास, तिसरा ग्लास, तेच. ग्लास धुतले, नळ बदलला, गॅस तपासला. शेवटी हताश होऊन रिकाम्या पोत्यात हात घातला, काही दाणे उरलेत का बघायला. तळहात बुळबुळीत झाला. वास घेतला आणि कपाळावर हात मारला. एरंडेल!

आमच्या घरात ज्वारीला दोन रीती. घरच्या कणगीत कडुनिंबाचा पाला. पण परगावी राहणाऱ्या लेकीला द्यायच्या ज्वारीला एरंडेल, दाण्यादाण्याला हातानं चोळून, म्हणजे तिच्याकडं कीड लागू नये. दळायच्या आधी ते ओल्या फडक्यानं पुसायचं असतं. लहानपणापासून मी पुसत आलेय. आणि नेमकी या वेळी घाईत तशीच गिरणीवर घेऊन गेले. तेलाचा थेंब फेस मारतो हे बियरवाल्याला शिकवायला लागत नाही. मी खरं सांगितलं असतं तर तिनं तेल लावलं नसतं. दोन पोती चोळायला तिला किती वेळ लागला असेल, या विचारानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर दुसरीच धास्ती. एरंडेल पिऊन सगळी गच्ची संडासाच्या रांगेत उभी राहिली तर? एवढ्या मोठ्या टाकीत ते तेल कितीसं असणार, पण जीव राहीना. स्वतः दोन ग्लास प्याले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट बघितली. काही झालं नाही.

शनिवारी संध्याकाळी अण्णांनी जुन्या गिऱ्हाइकांना बोलावलं होतं. फळ्यावर ज्वारीची बियर, दर कमी. फेस येत नाही हे ऐकून अण्णांनी डोकं धरलं. पहिला आला तो नेमका तो ठेकेदार. मी ग्लास काठोकाठ भरला आणि पुढं सरकवला. सवयीनं त्यानं हाताची घडी घातली. बसायला फेसच नव्हता. त्यानं ग्लास बाजूनं बघितला, वरून बघितला, मग प्याला.

"अक्का," तो म्हणाला, "ही इमानदार बियर हाय."

पलीकडच्या टेबलावरच्या डाळमिलवाल्यांना त्यानं कन्नडमध्ये हाक मारली, या, ग्लास बघा. माझ्या आयुष्यात मी इतके भराभर ग्लास भरले नव्हते. दोघांत एक पिणारे एकेक मागायला लागले. प्राध्यापकांनी ही कुठल्याशा परदेशी पद्धतीची बियर आहे असं एकमेकांना समजावलं, मी मान डोलवत पुढचा ग्लास भरला. आठ दिवसांत टाकी कोरडी. अण्णा म्हणाले, फ्रीज रद्द, पुढची टाकी हुबेहूब अशीच पाहिजे, फेस अजिबात नको. मला नाचावंसं वाटत होतं.

पण हुबेहूब म्हणजे पुन्हा आईची ज्वारी, पुन्हा तिचा हात. आणखी एक थाप मारता आली असती. नाही मारवली. फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, टाक्या, बियर, तीन वर्षं, ज्वारी. आता शिव्या येणार म्हणून डोळे मिटून उभी राहिले.

आईनं एवढंच विचारलं, "त्यातली एक तरी भाकरी खाल्लीस का?"

"न्हाई."

"एक बी न्हाई?"

मी पुन्हा न्हाई म्हणाले. तिनं फोन ठेवला.

चार दिवस तिनं फोन उचलला नाही. टाकी जिंकून मी तिला हरले असंच मला वाटत होतं. पाचव्या दिवशी तिचाच फोन, सकाळच्या गाडीत टाकलंय म्हणून. बसस्टँडवर जाऊन बघते तर दोन पोती आणि एक लहान कापडी पिशवी. पोत्यांत हात घातला, कोरडी ठणठणीत ज्वारी, हाताला धूळ. पिशवीतले दाणे मात्र तेलानं चकाकत होते. आणि एका पोत्याच्या तोंडाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एरंडेलाची बाटली.

मी तिथूनच फोन केला.

"बारकी पिशवी तुझी हाय," आई म्हणाली. "पिणाऱ्याच्या ज्वारीला माझा हात लागायचा न्हाई. बाटली दिलीय, तुझं तू लाव." आणि वर म्हणाली, "आदी भाकरी खा."

पिशवीतली ज्वारी ओल्या फडक्यानं पुसली, दळून आणली. हॉटेलाच्या स्वयंपाकघरात दोन भाकरी थापल्या, जाड आणि कडेला चिरलेल्या, सवयच गेली होती. गच्चीवर येऊन टाकीला टेकून उभ्याउभ्या दोन्ही खाल्ल्या. मग पोत्याचं तोंड सोडलं, तेल हातावर घेतलं आणि चोळायला बसले.