धाकटीच्या बोटाचं माप

बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं उलटली होती, तेव्हाची गोष्ट. आम्ही मंगरूळपीरला राहत होतो, बाबा कचेरीत कारकून. मला पाहायला आलेले लोक चहा-पोहे खाऊन जायचे आणि पुन्हा तोंड दाखवायचे नाहीत. मी काळी, हाडापेरानं रुंद. धाकटी बहीण माझ्याहून दीड वर्षानं लहान, नाजूक आणि उजळ, म्हणून पाहुणे आले की आई तिला शेजारी पाठवून द्यायची. अशात केनवडच्या एका घरानं मला होकार दिला. हे जमलं नाही तर पुन्हा कोणी उंबरा चढणार नाही, हे घरातल्या प्रत्येकानं मला आपापल्या परीनं ऐकवून ठेवलं होतं. ऐकवायची गरज नव्हती, मला ते कळत होतं.

मुलाच्या घरात सत्ता त्याच्या आत्याची. आई भोळी, बाप वारलेला, आत्या विधवा होऊन माहेरी आलेली आणि माहेर मुठीत घेऊन बसलेली. ही बाई बोलायला लागली की आमचे बाबासुद्धा सावरून बसायचे. तिनं निरोप धाडला की मुलाला साडेसाती चालू आहे, ज्योतिष्यानं सांगितलंय, येणाऱ्या सुनेच्या बोटात आधी लोखंड जाऊ द्या, मग सोनं. तेही बाजारातलं नको, हातानं घडवलेलं पाहिजे. दर्ग्याकडं जायच्या उतारावर एक लोहार होता, अडकित्ते आणि सुऱ्या करायचा, त्याच्याकडून साक्षगंधाची अंगठी करून घ्यायची ठरली. नवरीच्या बोटात लोखंड! माझ्या मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. हसा म्हटलं, मला नवरा मिळतोय ना.

अंगठी निवडायला आत्याबाई मुलाला घेऊन बसनं आल्या. मी बाबांच्या मागं, डोक्यावरून पदर. लोहार जुन्या कानशीचं पोलाद आणि साधी लोखंडी पट्टी एकावर एक ठेवून तापवायचा, ठोकायचा, दुमडायचा, पुन्हा ठोकायचा. शेवटी घासून आंबट पाण्यात बुडवलं की आतले थर नक्षीसारखे वर यायचे. त्यानं नमुने पुढं ठेवले. एकावर डोळ्यासारखे गोल, एकावर पाण्याच्या लाटा, एकावर सागाच्या फळीवर असतात तशा रेघा. आत्याबाईंनी लाटांचा उचलला आणि झालं म्हणाल्या. तेव्हा तो मुलगा, तोवर एक शब्द न बोललेला, खाली मान घालून म्हणाला, "आत्या, घालायची तर तिले हाय. तिलेच इचारा ना."

अगं बाई, मला खरंच वाटेना. एकोणीस वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं. भाजी कोणती करू हेसुद्धा मी दुसऱ्यांना विचारायची. मी सागाच्या रेघांकडं बोट केलं. आत्याबाईंनी त्या बोटाकडं पाहिलं आणि लाटांचा नमुना खाली ठेवला. घरी येऊन मी चुलीपुढं बसले ती त्या रेघाच आठवत बसले, भाकरी करपली तरी भान नाही. तो मला आवडला होता. स्वच्छ सांगते, फार आवडला होता.

लोहारानं तिथल्या तिथं माप देऊन जा म्हटलं होतं. सोन्यासारखं हे मागून वाढवता येत नाही, बोटाला बसली तर बसली, असं त्यानं दोनदा बजावलं. पण परक्या माणसानं पोरीचं बोट धरायचं नाही, असा आत्याबाईंचा नेम. चांगला वार पाहून मी स्वतः येईन, दोरा बांधून माप घेईन, म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी आल्याही. आणि नेमका त्याच सकाळी मला कावळा शिवला.

मी मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, गोणपाटावर. मला शिवायचं नाही, माझी सावली नको. पहिल्याच शुभकार्याला मुलगी बाहेरची, म्हणजे सोयऱ्यांच्या हातात कोलीतच. दिवस पुढं ढकलावा तर लोहाराला वेळ पुरणार नाही, साक्षगंधाचा मुहूर्त काढलेला. तेव्हा आईनंच तोड काढली. धाकटीला पुढं केलं. सख्ख्या बहिणी, बोटं काय वेगळी असतात, म्हणाली. आत्याबाईंनी जरा विचार केला आणि मान डोलावली. मी सपरीच्या फटीतून पाहत होते. धाकटीच्या बोटाला हळदीचा दोरा गुंडाळून आत्याबाईंनी गाठ मारली, दोरा अलगद काढून कमरेच्या पिशवीत ठेवला. मला ओरडावंसं वाटलं की अगं आई, माझी पेरं बघ. विहिरीचं पाणी ओढून, जातं फिरवून, सगळ्या घराची धुणी आपटून माझ्या बोटांच्या गाठी झाल्या होत्या. धाकटीनं कधी दोर धरला नव्हता, ती नाजूक ना. पण विटाळातल्या पोरीनं मधे बोलायचं नसतं.

साक्षगंधाच्या दिवशी ओसरी माणसांनी भरली होती. पुऱ्यांचा घाणा चालू. मला मोतिया रंगाची साडी नेसवली होती, सोयऱ्यांनीच आणलेली. तो समोर पाटावर बसला. त्यानं अंगठी हातात घेतली, माझा हात धरायच्या ऐवजी नुसती चिमटीत धरून आत सरकवायला गेला. अंगठी मधल्या पेरापर्यंत आली आणि थांबली. त्यानं पुन्हा ढकलली. हलेना. बायकांत खुसखुस झाली आणि आत्याबाईंनी त्याला बाजूला केलं.

मग त्यांनी माझं बोट धरलं. आधी तेल लावलं. मग साबण. मग माझं मनगट मांडीखाली दाबून अंगठी अशी पिळायला लागल्या की डोळ्यांपुढं अंधारी आली. लोहाराचं काम उत्तमच होतं, काठ धारेसारखा. पेरावरचं कातडं सोलून निघालं. सगळे पाहत होते. कोणी सोडा म्हटलं नाही. बाबांनी चाचरत सुचवलं की लोहार जवळच आहे, दुसरी करून घेऊ, चार दिवस थांबू. आत्याबाई म्हणाल्या, साडेसातीचं लोखंड दोनदा घडवत नसतात, शनीनं नाकारलं ते नाकारलं. आणि माझा हात टाकून दिला.

धाकटी कुंकवाचं ताट घेऊन दाराशी उभी होती. आत्याबाईंनी तिला हाक मारली, ताट खाली ठेवायला लावलं आणि पुसून घेतलेली अंगठी तिच्या बोटात घातली. गेली, तेल नाही पाणी नाही. आत्याबाईंनी तिचा हात उचलून साऱ्या ओसरीला दाखवला.

"ज्या बोटाचं माप घेतलं, त्या बोटात गेली. आमची सून हेच हाय."

आता कोणी म्हणेल, घरच्यांनी पाहुण्यांना हाकलून द्यायला पाहिजे होतं. हाकलतात! बाबांना आत बोलावलं, आईला बोलावलं, मी ओसरीवर तशीच बोट धरून बसलेले. आतलं बोलणं ऐकू येत होतं. एक तर एक, एकीचं तरी होतंय. पोरगी बदलली तरी सोयरीक तीच. अन्न शिजलंय. बाहेर येऊन बाबांनी मुलाकडं पाहिलं, तुमचं काय म्हणणं. मीही पाहिलं. अजून काही बिघडलं नाही, असं मला तेव्हाही वाटत होतं. तो एकदा आत्याकडं बघून म्हणाला, "तुमी म्हणसान तसं, आत्या."

आईनं मला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं. साडी सोड, म्हणाली, ती नवरीची आहे. धाकटी परकर-पोलक्यात समोर उभी. मी साडी सोडून दिली, माझ्या अंगाची ऊब अजून तिच्यात होती. आई पिन शोधायला गेली तेवढ्यात मी धाकटीला म्हटलं, तू नाही म्हण. तू नाही म्हटलंस तर कोणी काही करू शकणार नाही. धाकटी निऱ्या करत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"ताई, बोट दूर धर. साडीले रक्त लागन."

मी बोट दूर धरलं. रोजचं जुनं लुगडं नेसले, चिंधी गुंडाळली आणि बाहेर आले. तोवर धाकटी पाटावर बसली होती, ओटी भरून झाली होती, बायका तिच्या रंगाचं कौतुक करत होत्या. मी भिंतीशी टेकले तर आत्याबाईंचं माझ्याकडं लक्ष गेलं. त्या अगदी मोकळ्या हसल्या, सगळं मनासारखं झाल्यावर माणूस हसतं तशा. भाच्याला म्हणाल्या, अरे, ही तुझी आकडसासू झाली आता, बायकोची मोठी बहीण, मान असतो तिचा, पाया पड.

तो उठला. इतक्या माणसांतून वाट काढत माझ्यासमोर आला, वाकला, आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला. त्यानं मला कधी हात लावला असेल तर तो तेवढाच. बोटं गार होती. तो वाकलेलाच राहिला, कारण मी काही बोलले नाही. सगळी ओसरी आशीर्वादाची वाट पाहत होती. शेवटी आईनंच मागून माझ्या वतीनं सुखी राहा म्हणून टाकलं, आणि पंगत बसली.