विम्याची मूठ

मोठीमायला कधीही, काहीही दुखलं तरी ते जुनंच असायचं. गुडघ्यावर हात दाबत उंबऱ्यावरून उठताना कुणी विचारलं, तर ती म्हणायची, "जुनंच हाये वो ते." दाढ ठणकून गाल सुजला तरी जुनंच. नवं दुखणं तिला कधी झालंच नाही. लहानपणी मला वाटायचं, ही बाई सगळी दुखणी सोबत घेऊनच जन्माला आली असेल. पुढे त्यातला हिशेब कळला. नवं दुखणं डॉक्टरला दाखवावं लागतं. जुन्याशी ओळख झालेली असते, ते पाहुण्यासारखं वागत नाही, घरच्यासारखं कोपऱ्यात पडून राहतं.

नात्याने ती कुणाचीच मोठीमाय नव्हती, पण आमची सगळी गल्ली तिला तेच म्हणायची. गोंदिया शहर संपत येतं आणि नागऱ्याकडे जाणारा रस्ता राईसमिलच्या भिंतींमधून निघतो, तिथली ही गल्ली. तिचा नवरा, म्हणजे आमचे बापू, मिलमध्ये हमाल. ती बिड्या वळायची. पुष्पा ही त्यांची एकुलती मुलगी, माझ्याच वर्गातली. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. आमच्याकडे मिरची परतली की पलीकडे बापू शिंकायचे आणि शिंकून झाल्यावर भाजी कशाची, तेही ओरडून विचारायचे.

माझे वडील बिडी कामगारांच्या संघटनेत होते, त्यामुळे आमच्या घरात धान्यापेक्षा पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. उरलेली पत्रकं मोठीमाय घेऊन जायची आणि सुपात तंबाखूखाली अंथरायची. पण त्याआधी मला वाचून दाखवायला लावायची. पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मांडीवर सूप, हात चाललेले, आणि मी समोर बसून जोरजोरात वाचतेय. एकदा मी 'शोषण' हा शब्द फार ठसक्यात वाचला. तिने दोरा तोडला आणि म्हणाली, "एवढ्या जोरानं कायले बोलतेस? ज्याले आयकाचं हाये तो हळू बोललं तरी आयकते." मी आज जे लिहिते आहे ते रागाने लिहावं असंच आहे. तिला आवडलं नसतं, म्हणून हळू लिहिते.

तिची दुसरी खूण म्हणजे मूठ. दोन्ही वेळचा स्वयंपाक करताना ती तांदूळ मापून पातेल्यात टाकायची आणि धुवायच्या आधी त्यातली एक मूठ परत काढून चुलीशेजारच्या पिंपात टाकायची. ही रीत तिच्या आईची. गल्लीतल्या अजून काही घरांतही होती. वर्षभर साठलेली मूठ महाशिवरात्रीला नागऱ्याच्या देवळातल्या महाप्रसादाला द्यायची. घरात काहीही कमी असो, ती मूठ आधी निघायची. "शिजल्यावर उरलेलं देनं सोपं असते," ती म्हणायची. "शिजाच्या आधी काढलं तं खरं."

मग एका वर्षी मिलमध्ये पोत्यांची थप्पी कोसळली आणि बापूंच्या सोबतचा हमाल खाली सापडला. तो वाचला, पण त्याच्या उपचारांत त्याच्या बायकोने घरातली भांडीसुद्धा विकली. मोठीमाय त्या घरी भेटायला गेली होती. तिने पाहिलं की चहा करायला त्या बाईने शेजारून पातेलं मागून आणलं. परत आल्यावर ती बराच वेळ पिंपाजवळ बसून होती. मोफत उपचारांचं सरकारी कार्ड मोठीमायच्या घरात होतं, पण त्यावरची नावं चुकलेली. दुरुस्तीला गेलं की दिवसाची मजुरी बुडायची, आणि तिथून दुसऱ्या दिवशी या असं सांगायचे. तिने गल्लीतल्या रवीला बोलावलं. रवी विम्याची कामं करायचा. त्याने तिघांची मिळून एक पॉलिसी समजावून सांगितली. हप्ता ऐकून बापू उठून बाहेर गेले. मोठीमाय बसून राहिली.

पुढच्या महाशिवरात्रीला ती देवळात रिकाम्या हाताने गेली. परतल्यावर माझ्या आईने विचारलं, तर म्हणाली, "देवाले सांगतलं मी. म्हटलं, महादेवा, तुले साऱ्या गावाचं येते. माझी मूठ आता बीम्याले देतो."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'देतो', 'जातो' असंच म्हणतात. तिच्या तोंडी ते जास्त शोभायचं.

तेव्हापासून त्या मुठीचा आकार वाढला. आधी एका हाताची होती, ती ओंजळीकडे सरकली. महिना संपला की पिंप नाक्यावरच्या खानावळीवाल्याकडे जायचं आणि त्याचे पैसे हप्त्याच्या डब्यात. तरी कमीच पडायचं. मग लाखोळीच्या डाळीत पाणी वाढलं, रविवारची मासोळी पंधरवड्यावर गेली. बापू दिवसभर पाठीवर तांदळाची पोती वाहायचे आणि संध्याकाळी घरी येऊन ताटाकडे बघायचे. त्यांनी तक्रार अशी कधी केली नाही. फक्त म्हणायचे, "आज बीमा लय जेवला वाटते." मोठीमायही कमी नव्हती. "जावई हाये तो," ती म्हणायची. "त्याले आधी वाढा लागते." मग तो विनोद घरातच राहायला आला. पुष्पाने अजून भात मागितला की बापू म्हणायचे, जावयाला विचार. सणाला गोड केलं की पहिला घास कुणाचा, तर जावयाचा. मी त्यांच्याकडे जेवायला बसले की मीही हसायचे. इतकं हसून कमी जेवणारं घर मी दुसरं पाहिलं नाही.

तीन वर्षं हप्ता चुकला नाही. या काळात मोठीमायच्या पोटात बरगडीखाली कळ यायची. पाठीपर्यंत जायची. ती सूप बाजूला ठेवून भिंतीला टेकायची, डोळे मिटायची, आणि मग पुन्हा पान उचलायची. विचारलं की उत्तर ठरलेलं. मला वाटतं ते बरंचसं नवंच होतं. पण तिच्या जिभेला नवं म्हणायची सवय नव्हती.

एका सकाळी ती भिंतीला टेकली ती उठलीच नाही. ओठ पांढरे पडले होते. बापू मिलमधून पळत आले, रवीने गाडी काढली, आणि आम्ही तिला विम्याचं कार्ड चालणाऱ्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. रस्ताभर रवी सांगत होता, काळजी करू नका, याच्यासाठीच तर भरला ना. बापूंच्या चेहऱ्यावर भीती होती, पण थोडा रुबाबही होता. पहिल्यांदाच ते असल्या दवाखान्याच्या दारातून कार्ड हातात धरून आत जात होते.

तिथे तपासणाऱ्या डॉक्टरने विचारलं, किती दिवसांपासून दुखतं. मोठीमाय कळेतून सावरत होती. समोर शिकलेला माणूस, आपण पहिल्याच दुखण्याला धावत आलो असं त्याला वाटू नये, म्हणून तिने अदबीने सांगितलं, "जुनंच हाये जी. लय वर्सं झाले. धा वर्सं तं असतीलच."

त्याने ते लिहून घेतलं.

सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. ऑपरेशन करावं लागेल, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने बापूंना बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की कंपनीने नकार दिला आहे. आजार पॉलिसीच्या आधीचा, आणि तो लपवून ठेवला होता. पेशंटनेच तसं सांगितलं आहे. रवी तिच्याशी भांडला, फोन लावले, हिंदीत बोलला, पण नकार कायम राहिला. आगाऊ रक्कम भरल्याशिवाय पुढे काही होणार नव्हतं. इंजेक्शनने कळ थांबली होती. मोठीमाय स्वतःच पलंगावरून उतरली आणि चपला शोधू लागली.

परतताना ऑटो केला. आम्ही मिलच्या भिंतीजवळ आलो तेव्हा ती म्हणाली, "छाट काढली म्हनजे त्यायनं. अना माल बी ठेवून घेतला." बिडीचा ठेकेदार असंच करतो. हाताला लागतील त्या बिड्या खराब म्हणून बाजूला काढतो, त्यांची मजुरी देत नाही, आणि त्या बिड्या परतही देत नाही. यावर माझ्या वडिलांनी आयुष्यभर पत्रकं काढली. मोठीमायला विम्याचा सगळा व्यवहार त्या एका वाक्यात कळला होता. बापूंनी खिडकीबाहेर बघत फक्त एवढंच म्हटलं, "जावईच तो. जेवून गेला."

रवी दुसऱ्या दिवशी आला. त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती, तरी आला. तो म्हणाला, "मोठीमाय, काऊन तसं सांगतलं तू? कुठंबी गेली तं नवंच सांगा लागते. कालपासून दुखते म्हनाचं." तिने मान डोलावली. तिला तो नियम पटला, कारण त्याची किंमत तिने भरली होती. तिच्यापुरता तो एका कंपनीचा नियम राहिला नाही. दवाखाना म्हटला की दुखणं कालचं, असं तिने मनात पक्कं केलं.

हप्त्याची तारीख पुढे होती. भरायचा की सोडायचा, यावर त्या घरात मी पहिल्यांदा वाद ऐकला. बापूंचं म्हणणं, बस झालं, पोट भरून जेवू. मोठीमाय म्हणाली, "माझं जाऊ द्या. तुमी पोत्याखाली जाता रोज." बापू म्हणाले, पुष्पाही वाढती आहे, तिला जेवू दे. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मापाचा आवाज आला, आणि मग पिंपात तांदूळ पडल्याचा. मूठ चालूच राहिली.

काही महिन्यांनी कळ पुन्हा आली. या वेळी सरकारी दवाखान्यात गेलो, तिथे ऑपरेशन होतं आणि पैसेही लागत नाहीत, हे माझ्या वडिलांनी समजावून सांगितलं होतं. पुष्पाने आधीच्या तपासणीची फाईल काढून ठेवली होती. ती मोठीमायने कुणाच्या नकळत गादीखाली सारली. फाईलमध्ये दुखणं जुनं लिहिलेलं होतं ना. रांगेत आमचा नंबर आला. तरुण डॉक्टरीण होती, दमलेली, पण नीट विचारत होती. कधीपासून दुखतं, मावशी?

"कालपासून," मोठीमाय म्हणाली.

आधी कधी दुखलं होतं? "नाई जी. कालच सुरू झालं." पुष्पा मध्ये बोलायला गेली, तर आईने तिचा हात इतका दाबला की ती गप्प झाली. बाहेर आल्यावर तिने लेकीला समजावलं, "जुनं म्हटलं तं हाकलून देतेत, मायले माहीत हाये." डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि थांबलं नाही तर लगेच परत या म्हणून बजावलं. थांबलं तर नाहीच. पण कळ सोसायची मोठीमायला सवय होती, ती परत गेली नाही. सूप मांडीवर घेऊन बसली.

शेवटी बेशुद्ध झाल्यावर तिला त्याच सरकारी दवाखान्यात नेलं. पुष्पाने या वेळी फाईल गादीखालून काढून सोबत घेतली आणि रडत रडत सगळं खरं सांगितलं. पिशवी आत फुटली होती. त्याच दुपारी ऑपरेशन केलं. जमेल तितकं सगळं केलं त्या लोकांनी. चौथ्या दिवशी ती गेली. त्याच्या आदल्या दिवशी मी तिच्याजवळ बसले होते. जरा सावध होती. पत्रकांना ती कागदच म्हणायची. मला म्हणाली, "तुह्या कागदात लिहिजो हे." मी म्हटलं, काय लिहू? मला वाटलं, कंपनीबद्दल काही सांगेल. ती म्हणाली, "लिहिजो, का दवाखान्यात खरं सांगता आलं पाह्यजे मानसाले."

मी तेव्हापासून बरीच पत्रकं लिहिली. त्यांत मागण्या असतात, एकाखाली एक. तिची ही मागणी पहिली ठेवते. वरवर ती फार साधी दिसते, म्हणून लोक ती वाचून पुढे सरकतात. पण ती पुरी करायची म्हटलं तर बाकीच्या सगळ्या मागण्या आधी पुऱ्या कराव्या लागतील.

तेरवी झाल्यानंतर पाहुणे गेले. संध्याकाळी मी त्यांच्या घरी होते. पुष्पा स्वयंपाकाला बसली. तिने तांदूळ मापून पातेल्यात टाकले आणि तिचा हात, आईचा जायचा तसाच, परत पातेल्यात गेला. मूठ भरून बाहेर आली आणि पिंपावर थांबली.

बापू दारात बसले होते. त्यांनी वळून पाहिलं.

"राहू दे, बाई," ते म्हणाले. "पुरा शिजव."

पुष्पाने मूठ पातेल्यात उघडली. आम्ही तिघं जेवायला बसलो. बापूंच्या ताटात भात जास्त होता. त्यांनी नेहमीसारखा वरणाशी कालवला, जेवत राहिले, आणि मग थांबले. अजून एक घास घेऊन पाहिला. नाही गेला. इतक्या वर्षांत पोटाला तेवढ्याची सवय राहिली नव्हती. ताटात कडेला थोडासा भात उरला. बापू त्याच्याकडे बघत बसले, आणि पुष्पानेही ताट लगेच उचललं नाही.